अर्ध्या चेहऱ्याची ताटली

अप्पांनी जन्मभर शाळेत फिजिक्स शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर चिनी मातीच्या ताटल्या जमवल्या. जेवायच्या नव्हेत, भिंतीवर लावायच्या. प्रत्येकीवर एकेक शास्त्रज्ञ, भोवती सोनेरी कड. कुणी दाढीवाला, कुणी पिंजारलेल्या केसांचा, एक काळ्या झग्यातली बाई. चेन्नईच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलची अख्खी भिंत त्यांनी भरली होती.

अम्माला त्या एक दिवस आवडल्या. दुसऱ्या दिवशी अप्पांनीच वर्गात शिकवावं तसं सांगून टाकलं, की या मातीत जनावरांच्या हाडांची राख असते, म्हणून तर ती एवढी पांढरी. झालं. आम्ही तंजावरचे मराठी, सोवळंओवळं अजून धरून बसलेलो. त्यानंतर अम्माने त्या ताटल्यांवरची धूळसुद्धा झटकली नाही.

मागच्या नवरात्रात त्याच भिंतीशी कोलूच्या, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर मांडतात त्या देवादिकांच्या, बाहुल्या मांडायच्या होत्या. "देवाच्या डोक्यावर हाडं नकोत," अम्मा म्हणाली. शब्दाला शब्द वाढला. शेवटी अप्पांनी रागारागाने ताटल्या उतरवल्या, आणि शेवटची हातात असतानाच ते खाली बसले. मेंदूचा झटका. डावी बाजू लुळी पडली.

हॉस्पिटलातून घरी आणल्यावर ते पडू नयेत म्हणून खाट भिंतीला लावली. त्यांच्या उजवीकडे भिंत, डावीकडे अम्माची खुर्ची. मी पायथ्याशी भिंतीच्या बाजूला उभी राहिले की माझ्याशी अडखळत बोलायचे. अम्माकडे मात्र बघायचेच नाहीत. तिने हाक मारली की भिंतीकडे तोंड करायचे.

"अजून राग गेला नाही गं त्यांचा," अम्मा स्वयंपाकघरात डोळे पुसत म्हणायची. मला संताप यायचा. बाई रात्रंदिवस राबतेय आणि हा माणूस ताटल्यांचा राग धरून बसलाय.

जेवणही निम्मं टाकायचे. वाळत चालले. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायची भाषा सुरू केली, त्या दिवशी अम्माने खाटेखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ताटल्या ओढल्या. दाढीवाला काढला, आपल्या हाताने धुतला, स्वयंपाकघरात नेला आणि त्यावर दहीभात वाढला. मला रडूच आलं.

अप्पा जेवले. पण उजवीकडचा भात तेवढा चाटूनपुसून खाल्ला, डावीकडचा जसाच्या तसा. दाढीवाल्याच्या नाकावरून सुरीने कापल्यासारखी रेघ. एक डोळा उघडा, एक भाताखाली. स्टीलच्या ताटात हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मी ताटली फिरवली. "अजून वाढलंस?" म्हणत त्यांनी उरलेला भातही संपवला.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही? डोळे ठीक आहेत त्यांचे, पण मेंदू डावीकडचं काही घेतच नाही. तिकडून हाक आली तरी ते उजवीकडे शोधतात." डोक्यात तिडीक गेली माझ्या. एवढ्या डॉक्टरांपैकी एकालाही हे आम्हाला सांगावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून खाट फिरवली. अम्माने साडी बदलली, केस विंचरले आणि ती त्यांच्या उजवीकडे जाऊन बसली. अप्पा तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"कधी आलीस?"

अम्माने खुर्ची आणखी जवळ ओढली.

"ताटल्यांवरून रागावून गेलीस ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अम्माने मला हाताने थांबवलं. इतके महिने त्या खुर्चीवरून न हललेली बाई म्हणाली, "हो. तंजावरला गेले होते. आले आता."

"वाळलीस," अप्पा म्हणाले. "परत जाऊ नको."

"नाही जात."

त्याच आठवड्यात दुसरा झटका आला आणि अप्पा गेले. त्यांच्या लेखी अम्मा नुकतीच घरी आली होती.