आवाजाला दहा गुण

मोठे मामा एकतीस वर्षं गिरणीत मागाच्या खात्यात होते. तीनशे माग एकदम खडखडणार, तिथं कानांवर कोण विसंबतो? समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं आणि आपण घसा फोडून बोलायचं. निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नाही.

दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलात त्यांची मुलगी, माझी मामेताई, "बाबा, हळू बोला" असं चौथ्यांदा म्हणाली आणि ताट अर्धवट टाकून उठली. तेव्हापासून भेट नाही. परवा अचानक तिचा मेसेज आला. 'रविवारी ब्रंचला भेटू. जागा तुम्ही ठरवा.'

मामांनी फोन माझ्या नाकाला लावला. "ही कुठली ब्रांच?"

"ब्रांच नाही मामा, ब्रंच. नाश्ता आणि जेवण एकत्र."

"मग घरून खाऊन जायचं की उपाशी?"

ते मलाही नीट सांगता येईना. मी पडलो इंजिनिअर, मला येतो तो तक्ता. शांतता, उजेड, चव, खुर्च्या, प्रत्येकी दहा गुण. तक्ता घेऊन आम्ही निघालो.

पहिल्या कॅफेत कुंड्या, मंद संगीत आणि कुजबुजणारी माणसं. शांततेला मी नऊ गुण दिले. "हा टोस्ट करपलाय की असाच असतो?" मामांनी साधं विचारलं आणि अख्ख्या कॅफेनं माना वळवल्या.

"नापास," बाहेर येऊन मामा म्हणाले.

दुसऱ्यात दिवे इतके मिणमिणते की मेनू मोबाईलच्या उजेडात वाचला. ऑम्लेट मात्र कापसासारखं. मामा डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "नापास."

"अहो, पण ऑम्लेट?"

"ऑम्लेटशी बोलायचंय का मला?"

तिसरा कॅफे म्हणजे नुसता कल्ला. कॉफी दळायचं यंत्र घरघरतंय, खुर्च्या फरशीवर करकरतायत, शेजारी कुणाचा तरी वाढदिवस. शांततेला शून्य. मामांनी मला खिडकीकडे तोंड करून बसवलं, स्वतः समोर बसले. "हळूच काहीतरी बोल," म्हणाले. मी पुटपुटलो, "पाय दुखले." "माझेपण," मामा म्हणाले. "पास."

मी चक्रावलो. "इथं ताईला तुमचं काय ऐकू येणार?"

"तुझा तक्ता तुझ्यापाशी ठेव."

रविवारी त्यांना सोडून मी रस्त्यापलीकडच्या बाकावर बसलो. काचेतून ताईचे ओठ हलताना दिसत होते. भांडण चाललंय की गप्पा, काही कळेना. दीड तासानं ती गेली, आणि मामा रस्ता ओलांडून आले.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा, ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोला."

हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की जाणारी दोन माणसं थांबली.

शांततेच्या रकान्यातल्या त्या शून्याचं काय करायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.