रांगेतली आमची घागर

माझी धाकटी बहीण गेली, त्याला काही महिने झाले. शोकसभेत लोक तिच्याविषयी भरभरून बोलले. मी मात्र बहात्तरच्या दुष्काळातल्या एका सकाळपाशीच रेंगाळत होते.

अगदी लहान असताना ती खोटं बोलत नसे, कारण अव्वाची, आमच्या आईची, चापट तिला ठाऊक होती. शाळेत जाऊ लागल्यावर बाईंच्या एका ‘शाबास’साठी ती जीव टाकी. सातवीत आली आणि तिला नियमांचं वेड लागलं.

त्या वर्षी सोलापुरात आमच्या गल्लीच्या नळाला सकाळी जेमतेम पाणी येई. रांगेत माणसांऐवजी घागरी उभ्या असत आणि त्यावरून भांडणं होत. बहिणीनं नियम काढला: नंबर आला आणि घागरवाली हजर नसली, तर घागर शेवटी. बायकांना तो पटला. त्या तिला ‘फौजदारीण’ म्हणू लागल्या. तिलाही ते आवडे.

एक दिवस समोरच्या विणकराच्या घरातली सून बाळाला पाजायला आत गेली आणि नेमका तिचा नंबर आला. बहिणीनं तिची घागर उचलून शेवटी ठेवली. तिची पाळी येण्याआधी नळ गेला. सून रिकामी घागर कडेवर घेऊन घरात गेली.

“अक्का, मी नियमानंच केलं की,” जेवताना बहीण म्हणाली. मी हो म्हटलं. माझ्या होकारानं तिचं समाधान झालं नाही. ताटात भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशीही सुनेचा नंबर जवळ आला आणि बाळ रडू लागलं. सून आत धावली. तिच्या मागे लगेच आमची घागर होती.

“फौजदारीणबाई, उचला की!” एक काकू म्हणाल्या.

बहिणीनं घागर उचलली, पण आमची. ती शेवटी नेऊन ठेवली आणि सुनेची घागर स्वतः नळाखाली धरली.

“अगं, कालचा नियम कुठं गेला?”

“नियमच चुकला होता, काकू. बाळ भुकेनं रडत असताना ती हितं कशी थांबंल? आणि तुमचा नंबर कुटं घेतलाय मी? माझा दिलाय.”

आमच्या घागरीपर्यंत पाणी आलंच नाही.

अप्पा, आमचे वडील, कापडाच्या दुकानात नोकरीला होते. लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नसत आणि पूजेला त्यांना शिळं पाणी चालत नसे. रिकामी घागर पाहून अव्वा कडाडली, “जगाच्या घागरी भर आणि बापाला उपाशी धाड कामावर!”

बहिणीनं घडलं ते सगळं सांगितलं. मग हळूच विचारलं, “अप्पा, तिच्याकडून तांब्याभर आणू?”

दुसऱ्या जातीच्या घरातलं पाणी आमच्या पूजेत कधी आलं नव्हतं. अप्पांनी बहिणीकडे पाहिलं. मग उठले, तांब्या घेतला.

“तू शाळेला जा. मी जातो.”

गल्लीतल्या बायका दारांत आल्या. मीही उंबऱ्यावर उभी होते. सून संकोचली. “अप्पा, आमच्या घरचं पूजेला चालतंय काय?”

“नळाचंच हाय की, बाई. भरा.”

अप्पांनी पूजा केली, भाकरी खाल्ली आणि कामावर गेले. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

माझा वरचा वर्ग तासाभरानं भरायचा. मी शाळेत पोचले तेव्हा बहीण तिच्या वर्गाबाहेर उभी होती. उशिराची शिक्षा.

“कारण सांगितलं नाहीस?”

“त्यात काय सांगायचं?” ती म्हणाली आणि भिंतीला टेकून इतिहासाचं पुस्तक वाचू लागली. व्हरांड्यातून मुली येत-जात होत्या. ही माझी बहीण आहे, असं प्रत्येकीला थांबवून सांगावंसं मला वाटत होतं.