सुभेदार खुश्कीचे, आम्ही पाण्यातले

सुभेदार देवरावजी ढोके यांच्याशी माझी ओळख भांडणानेच झाली. नौदलातून निवृत्त होऊन मी अचलपूरला परतलो आणि माजी सैनिकांच्या बैठकीला गेलो. तिथे सगळे पायदळातले, नौदलाचा मी एकटा. साहेबांनी भर बैठकीत विचारलं, "मधुभाऊ, आता सापन नदीत जहाज चालवता काय?" मीही ऐकवलं, जहाजाला अक्कल लागते, पायी तर सगळेच चालतात. ते खदखदून हसले आणि मला शेजारी बसवून घेतलं.

यंदा साहेबांची पंचाहत्तरी. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी आनंदाने लिहा, असं संपादकांनी कळवलं आहे. पण आनंद कुठून आणू? साहेब अमरावतीच्या दवाखान्यात आहेत आणि गुरुवारी त्यांची बायपास आहे. हा ग्रंथ तुमच्या हाती येईल तेव्हा गुरुवार उलटलेला असेल. काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. मला आज ठाऊक नाही.

साहेबांनी या भागातल्या मुलामुलींना सैन्यभरतीसाठी पहाटे धावायला शिकवलं, तेही एक पैसा न घेता. कुणी नौदलाचं नाव काढलं, की स्वतः माझ्या दारात आणून उभं करत. "घ्या, हे बिघडलं. तुमच्या कामाचं हाये," म्हणत.

सीमेवर तणाव होता, तेव्हा माझा मुलगा जहाजावर होता. त्याचा फोन येईना. साहेब रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसत, पण चिडवत नसत. ते चिडवत नाहीत म्हणून मी आणखीच घाबरलो. त्यांनी ते ओळखलं असावं. म्हणाले, "पोरगं मजेत असन. नेव्हीत काय, बसल्या जागी जेवण भेटते!" त्या रात्री मला जरा झोप लागली.

यंदा डॉक्टरांनी बायपास सांगितली, तर साहेब ऐकेनात. वहिनींनी रडत मला बोलावलं. माझी बायपास आधीच झालेली. मी म्हटलं, "राहू द्या वहिनी, पायदळाला चाकूचं भय वाटतं." साहेब ताडकन उठले. "काहून? पाण्यातल्या माणसानं केलं ते आमच्यानं होत नाई काय? घ्या तारीख!"

सगळे हसले, मीही हसलो. नंतर डॉक्टर म्हणाले, यांचं हृदय फार अशक्त आहे, धोका मोठा आहे. माझ्या एका टोमण्यावर हा माणूस त्या टेबलावर झोपायला निघाला. काही बरंवाईट झालं, तर वहिनींना मी कोणतं तोंड दाखवू?

काल साहेबांचा फोन आला. आवाज अगदी हळू होता. "मधुभाऊ, भेव लागून राहिलं. कोणाले सांगू नोका, आर्मीची इज्जत जाईन."

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचं आयुष्य चिंतायची रीत आहे. तेवढं मागायचा मला धीर होत नाही. साहेब, तुमची ती गोष्ट मी मुद्दाम, सगळ्या पायदळासमोर, इथे छापून टाकली आहे. वाचा, संतापा, आणि मला शिव्या घालायला घरी या.