मागच्या बाजूच्या तारखा

गौसचाचा टीव्ही बघताना आवाज बंद ठेवायचे. आमच्या बोरी अरबला त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानात एका वेळी सहा-सात सेट उघडे पडलेले असायचे. एखाद्याला आवाज असायचा पण चित्र नसायचं, एखाद्याला चित्र असायचं पण आवाज नसायचा. चाचांचा जीव या दुसऱ्या प्रकारच्या सेटवर. दुरुस्त झाल्यावरही असे सेट दोन-दोन दिवस दुकानातच राहायचे आणि त्यांच्यावर मुकं जपानी कार्टून चालू असायचं. गिऱ्हाईक बाहेरून ओरडायचं, "चाचा, आवाज आला का नाई अजून?"

"आवाज कवाचाच आला," चाचा आतून म्हणायचे, "मीच बंद करून ठेवला. आवाज बंद करून गोष्ट समजली, तं मानायचं का काढनाऱ्याले येते."

मी तेव्हा सातवीत होते. माझे बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचे. आमच्या घरी टीव्ही नव्हता, म्हणून शाळा सुटली की मी चाचांच्या दुकानापुढे उभी राहायची. एके दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "तो पोरगा पाहा. केव्हाचा बसून आहे, हालून नाई राह्यला. फक्त खिडकीचा पडदा हालून राह्यला. काहून?"

मी म्हटलं, "सेट बिघडला."

चाचा एवढे हसले की हातातला सोल्डरिंगचा रॉड खाली ठेवावा लागला. "सेट नाई बिघडला, बेटा. त्याले वाईट वाटून राह्यलं. हे जपानी लोक मानसाले वाईट वाटू देतात. घाई नाई करत."

चित्रकलेतला माझा पहिला धडा हाच. शाळेत आम्हाला चित्रकलेच्या तासाला भूगोलाचे सर गणित शिकवायचे.

दुकानात चाचांचा एक नियम होता. चालू सेट ते कधी उघडायचे नाहीत. एकदा ग्रामपंचायतीतले एक सदस्य चांगला चालणारा टीव्ही घेऊन आले. म्हणाले, "पाहुणे येऊन राह्यले, अंदरून जरा साफसूफ करून द्या, चित्र अजून साजरं दिसलं पाह्यजे." चाचांनी सेटला हातही लावला नाही. "चालू सेट मी खोलत नाई, भाऊ. बंद पडला का आना." सदस्य रागावून दारव्ह्याच्या दुकानात गेले. तिथून आल्यावर तो टीव्ही पुन्हा चाचांकडेच आला, पण या वेळी खरोखर बंद पडून. चाचांनी तो निमूट दुरुस्त करून दिला. टोमणा एकच मारला, "आता खोलतो."

ते स्वतः चित्रं काढायचे, हे मला उशिरा कळलं. बाजारातल्या कृषी केंद्राचं मोठं भिंतीवरचं कॅलेंडर दरवर्षी त्यांना मिळायचं. महिना संपला की ते पान फाडून घ्यायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर साध्या काळ्या बॉलपेनने चौकटी आखायचे. मला त्यांनी त्यावरच शिकवलं. आधी हात, मग कपड्याच्या घड्या, मग सगळ्यात कठीण म्हणजे काहीच न करणारा माणूस. "पळनारा मानूस कोनीही काढते," ते म्हणायचे, "बसलेला काढून दाखव."

बारावीनंतर मी नागपूरला ॲनिमेशनच्या पदवीला जावं, हे खूळ चाचांचंच. बाबांना त्यातलं काही समजत नव्हतं. ते म्हणाले, "गौसभाऊ, कार्टून काढून पोट भरते काय?"

"माहं पोट टीव्ही खोलून भरलं ना? तिचं काढून भरन."

"पोरीची जात आहे."

"म्हनून तं म्हनतो. बसल्या जागी काम आहे, सावलीतलं."

सावलीतलं, या शब्दावर बाबा तयार झाले. मग दोघं मिळून मला नागपूरला घेऊन गेले. वसतिगृहाच्या बाईंनी चाचांना विचारलं, "तुम्ही कोण?" चाचा अडखळले. बाबा पटकन म्हणाले, "मोठे भाऊ आहेत माहे." आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पदवीच्या कागदावर माझं आणि बाबांचं नाव आहे. तिसऱ्या नावाला त्या कागदावर जागा नसते.

नागपूरला फूटपाथवर मला एक जुनं जपानी चित्रकथेचं पुस्तक मिळालं. ते मी सुट्टीत चाचांना नेऊन दिलं आणि मोठ्या शहाणपणाने सांगितलं, "चाचा, हे उलटं वाचायचं असतं. उजवीकडून डावीकडे." चाचांनी पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा बदलला. लहानपणापासून ते उर्दू वाचणारे. म्हणाले, "उलटं कायचं? हे तं सिधं आहे. एवढ्या दूरच्या मानसानं माह्या हाताकडून पुस्तक खोललं." पुढचे कित्येक दिवस ते पुस्तक गल्ल्याशेजारी होतं. त्यातलं एकही अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, आणि त्याने काही अडलंही नाही.

पदवीनंतर मला पुण्यातल्या एका स्टुडिओत नोकरी लागली. काम मधली चित्रं काढण्याचं. मुख्य चित्रकार हात खाली असलेलं एक चित्र आणि हात वर असलेलं दुसरं चित्र काढतो. खालून वर हात जाईपर्यंतची सगळी चित्रं आम्ही काढायची, रंग भरायचे. सुरुवातीला बरंचसं काम जपानचं होतं. दोन वर्षांत ते कमी झालं आणि चीनचं येऊ लागलं. मग चीनचंच उरलं. त्यातला प्रत्येक केस वेगळा उडायचा. रेशमी बाही फिरली की तिच्यावरचं नक्षीकाम फिरायचं. ढगातून डोंगर, डोंगरातून देव, देवाच्या तलवारीतून पाणी. एका बाहीवर मी नऊ दिवस काम केलं आहे.

चाचांच्या हातात एव्हाना मोबाइल आला होता. लोक जुने सेट भंगारात देऊ लागले होते, त्यामुळे दुकानात वेळच वेळ होता. ते चिनी मालिका बघायचे, आवाज बंद करूनच, आणि रविवारी मला फोन करायचे. मला वाटायचं ते नावं ठेवतील. तसं झालं नाही.

"मेहनत जबरदस्त आहे, बेटा. पैसा बी लावला. पहिले मी पाह्यलं ना, तं समदं जपान्यासारखंच काढत होते. तेच मोठे डोये, तेच केस. मंग हळूहळू सोतासारखं काढाले लागले. आपले डोंगर, आपले देव, आपल्या आजीच्या गोष्टी. लाजले नाई."

"पण चाचा, त्यात कोणी थांबत नाही. सारखं उडतात."

"उडू दे ना. त्याईचं वय आहे उडाचं. जपानी थांबते, चिनी उडते." मग त्यांनी विचारलं, "आपन काय करतो?"

"आपण त्यांच्यात रंग भरतो," मी हसत म्हटलं.

चाचा हसले नाहीत.

त्या दिवाळीत त्यांनी मला त्यांचं पुस्तक दाखवलं. दोन वर्षांच्या कॅलेंडरची चोवीस पानं, टीव्हीच्या बारीक वायरीने शिवलेली, उजवीकडून उघडणारी. गोष्ट एवढीच. आमच्या भागातली छोटी रेल्वे बंद पडली आहे. एक म्हातारा रोज डबा घेऊन स्टेशनावर येऊन बसतो. गाडी बंद झाल्याचं त्याला कोणी सांगितलेलं नाही, किंवा सांगितलं आहे आणि त्याने ऐकलेलं नाही. शब्द एकही नाही. मधेमधे नुसत्या रुळांच्या आणि गवताच्या चौकटी. शेवटच्या पानावर म्हातारा उठून हात हलवतो आणि रुळांमधलं गवत एका बाजूला वाकलेलं असतं, गाडी जाताना वाकावं तसं.

"हे लोकाईनं पाहावं असं वाटते," चाचा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितल्याचं मला आठवतं ते हेच.

मी पुस्तक पुण्याला आणलं. आमच्या साहेबांना एका चिनी कंपनीशी बोलणं करायचं होतं. फोनवर वाचायच्या रंगीत चित्रकथा ती कंपनी काढायची आणि भारतातल्या गोष्टी शोधत होती. साहेबांनी पानं चाळली आणि म्हणाले, "आयडिया चांगली आहे. पण हे पान नको, पट्टी हवी. एकाखाली एक चौकट, अंगठ्याने वर सरकवायची. रंग चिनी धर्तीचे. आणि दर तीन चौकटींत काहीतरी घडलं पाहिजे. सोमवारपर्यंत दे."

शुक्रवार होता. कॅलेंडरची पानं आमच्या स्कॅनरच्या काचेपेक्षा मोठी होती. मी वायर सोडली, कटर घेतला, फूटपट्टी लावली आणि एकेक चौकट कापून वेगळी केली.

फोटो काढता आले असते. तुकड्या-तुकड्याने स्कॅन करून जोडता आलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण आमच्या कामात कागदाला किंमत नसते. फाइल झाली की कागद कचरा. कापताना मी जराही थांबले नाही, हे मी सांगितलं पाहिजे. गवताच्या आणि रुळांच्या चौकटी मी स्कॅनही केल्या नाहीत. त्यांत काही घडत नव्हतं. साफसफाईच्या बाईंनी त्या शनिवारी नेल्या. उरलेल्या चौकटी मी एका पाकिटात ठेवल्या. शेवटी गाडी यावी म्हणून मी गाडी काढली, धुरात सोनेरी ठिणग्या टाकल्या आणि रूळ सोडून तिला आभाळात नेलं. साहेब खूश झाले.

पुढच्या आठवड्यात मी गावी गेले. दुकानात चाचांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि अंगठ्याने पट्टी सरकवायला लागले. त्यांच्या बायकोने, नजमाचाचींनी, मागच्या घरातून चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरायच्या आत पट्टी संपली.

"झालं?"

"हो, चाचा."

"गवत कुठी गेलं?"

"फोनवर लोक थांबत नाहीत. पुढे सरकून जातात."

"आन गाडी काहून आली?"

"शेवटी काहीतरी व्हायला हवं ना."

"गाडी येत नाई," चाचा हळू म्हणाले, "हेच तं होते त्याच्यात." मग त्यांनी फोन परत दिला. "ठीक आहे. फोनचं फोनवर राहू दे. माहं बुक आनलं ना?"

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते काउंटरवर उलटं केलं आणि चौकटी सुट्या सुट्या बाहेर पडल्या.  दुरुस्तीवाल्याच्या सवयीने चाचांनी तुकडे पालथे केले. मागे कॅलेंडरचे आकडे होते, एका वर्षाचे लाल, दुसऱ्याचे निळे. त्या आकड्यांवरून ते तुकडे जुळवू लागले. दोन-तीन महिन्यांची पानं जुळली. मग त्यांचं बोट एका रिकाम्या जागेवर थांबलं.

"हा जून. याच्यात नऊपासून बारापर्यंत तारखा नाईत."

मी मान खाली घातली.

"ते चार दिवस तो वाट पाहून राह्यलता," चाचा म्हणाले. "कुठी आहेत?"

"फेकल्या गेल्या."

नजमाचाची म्हणाल्या, "जाऊ द्या ना जी, पोरगी आहे, नवीन काढा." चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"चालू सेट खोलला तू, बेटा."

एवढंच. चहा प्यायला लावला, बाबांची तब्येत विचारली, फाट्यापर्यंत सोडायला आले. रविवारचा फोन मात्र त्यानंतर आला नाही. मी केला तर नजमाचाची उचलायच्या आणि सांगायच्या, "कामात आहेत." दुकानात काम नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

चिनी कंपनीचं उत्तर महिनाभराने आलं. साहेबांनी ते मला वाचून दाखवलं. अशा चित्रकथा आमच्याकडे पुष्कळ आहेत, तुमच्या गावाकडचं तुमच्या पद्धतीचं काही असेल तर जरूर पाठवा. साहेब म्हणाले, "यांना नक्की काय पाहिजे, तेच कळत नाही." मी जागेवर जाऊन बसले आणि बाहीचे राहिलेले रंग भरले. हे उत्तर मी चाचांना कळवलं नाही. भीती वाटली. आज वाटतं, कळवलं असतं तर निदान एक फोन झाला असता.

मागच्या उन्हाळ्यात चाचा दुकानातच गेले. बाबांचा फोन आल्यावर मी निघाले, पण पुण्याहून पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. बाबा ओसरीत बसून होते. "मोठा भाऊ गेला माहा," म्हणाले आणि तोंड फिरवलं.

नजमाचाचींनी मला आत बोलावलं आणि अँटेनाच्या वायरीने बांधलेली एक गुंडाळी हातात दिली. "तुह्यासाठी ठेवलं असं काही म्हनले नाई ते," चाची म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "पन मी ठेवून काय करू?"

चोवीस पानं होती. सगळे तुकडे मागून सांध्यांवर कागदाच्या बारीक पट्ट्या लावून जोडलेले, रेषेला रेष भिडवून. जिथे मी फेकलेल्या चौकटी होत्या तिथे त्यांनी मोजून कापलेला पांढरा कागद बसवला होता. मी जूनचं पान शोधलं. चाचांना काय अवघड होतं? गवतच तर काढायचं होतं. त्यांनी ते काढलं असेल, असं मला फार वाटलं.

पान पालथं केलं. मागच्या बाजूला नऊ, दहा, अकरा, बारा हे आकडे त्यांनी निळ्या पेनने छापल्यासारखे घोटून काढले होते. पुढच्या बाजूला त्या चारही चौकटी कोऱ्या होत्या.

नोकरीत आता मी मधल्या चित्रांच्या विभागाची प्रमुख आहे. माझ्या हाताखाली अकरा जण चिनी देवांचे केस उडवतात. जूनचं पान घरी टेबलावर असतं. बऱ्याच रविवारी मी काळं बॉलपेन घेऊन त्याच्यापुढे बसते. त्या चौकटींत कसं गवत होतं, ते आठवायचा प्रयत्न करते. आठवत नाही. मी ते नीट पाहिलंच नव्हतं.