मागच्या टोकाचं बटण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की दत्ताभाऊंचा विषय निघाला की मी उठून गॅलरीत जातो. तिला वाटतं, मला वाईट वाटतं. वाटतंच की — पण का, ते तिनं कधी विचारलं नाही आणि मी —

बघा, इथंच अडखळतो मी. आधी कामाचं सांगतो. ते सोपं आहे.

लोणावळ्याहून मी रोज टाकव्याला जायचो. आंदर मावळाच्या तोंडाशी आमची छोटी कंपनी, जाड पत्रे कापणारे फायबर लेसर बनवायची. केसासारखी बारीक काचेची तार, तिच्यात डायोडचा प्रकाश ढकलायचा — याला आम्ही पंपिंग म्हणतो — आणि तारेतून एकच सरळ, जबर किरण बाहेर पडतो. डोळ्यांना न दिसणारा, यंत्राच्या पडद्यावरच कळणारा. पण ताकद वाढवत नेली की एका मर्यादेनंतर तो थरथरायला लागतो. तार आतून तापते, किरणाची वाट मोडते, आणि प्रकाश नको तिथून बाहेर सांडतो. ती थरथर घालवणं हे माझं काम. माझ्या रचनेत सगळं पंपिंग पुढच्या टोकातून व्हायचं. कित्येक महिने झुंजलो, थरथर काही गेली नाही.

मग वैशाली आली. तळेगावची, माझ्याहून बरीच लहान, माझ्याच हाताखाली. आल्या आल्या तिनं विचारलं, सर, सगळी उष्णता एकाच टोकाला साठतेय, तर पंपिंग दोन्ही टोकांनी वाटून का देत नाही? मी तिला कारणं सांगितली. भरपूर सांगितली. मालक म्हणाले, करून तर बघू दे. तिनं केलं. ज्या ताकदीला माझा किरण नाचायचा, तिथं तिचा खिळ्यासारखा उभा राहिला.

त्या रात्री मी जेवलो नाही. एवढं कसलं दुःख होतं? कुणी मला काही बोललंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक स्वतः बघायला येणार होते. मी सकाळी लवकर पोचलो. खोलीत कुणी नव्हतं. दोन टोकांना दोन वेगळे वीजपुरवठे, दोन गोल बटणं. मागच्या टोकाचं बटण अगदी खाली होतं. मी स्वतः पाहिलं, खाली होतं. ते मी बरंच वर फिरवलं.

जुना पुरवठा होता, चालू केल्याशिवाय त्यावर आकडा दिसायचा नाही. मला एवढंच हवं होतं की मालकांसमोर तिचा किरण थरथरावा. तिची मान खाली जावी. बाकी काही नाही — असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण इथवरचं सांगणंसुद्धा सोपंच आहे. खरं पुढं आहे.

दत्ताभाऊ आमचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. भाजे गावचे. दाखवायच्या आधी तारेचा जोड ते हातानं नीट करायचे, अगदी मंद प्रकाशावर, कारण नीट जुळण्याआधी जोडातून प्रकाश बाहेर सांडतो. दर वेळी करायचे. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. सकाळी बटण फिरवताना आठवलं नाही, हे खरं. पण ते गॉगल लावून जोडापाशी बसले, जोडाच्या पितळी कड्यावर बोटं ठेवली, वैशालीनं पुरवठ्याकडं हात नेला — तेव्हा मला सगळं आठवत होतं. मी दारात चहाचा कप घेऊन उभा होतो.

दत्ताभाऊ म्हणाले, "द्या, मॅडम."

'थांबा' म्हणायला वेळ होता. एक शब्द. पण म्हटलं असतं तर सगळे वळून बघणार, का म्हणून विचारणार. मला वाटलं, टिकेल जोड. काही होणार नाही. मी गप्प उभा राहिलो.

ते ओरडले नाहीत. आधी वास आला. त्यांनी हात मागं घेतला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडं बघत राहिले. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. सर होते म्हणून वाचलो, असं नंतर दोघा-तिघांनी म्हटलं. मी ते ऐकून घेतलं.

मागच्या टोकाचं बटण वर सापडलं. आदल्या संध्याकाळी वैशालीनंच पूर्ण ताकदीवर चाचणी घेतली होती. ती पांढरी पडली. म्हणाली, खाली आणायला विसरले असेन. मालकांनी माझ्याकडं पाहिलं.

"तसंच दिसतंय," मी म्हणालो.

दत्ताभाऊंची उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. भाताच्या आवणीला ते बांधावर उभे राहतात, रोपं त्यांची बायको लावते. कंपनीनं त्यांना गेटवर बसवलं. वैशालीनं महिन्याभरात राजीनामा दिला. ती आता कामशेतला एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवते. आमच्या प्रत्येक यंत्रात दोन्ही टोकांनीच पंपिंग होतं, आणि त्या विभागाचा प्रमुख मी आहे.

दर दिवाळीला वैशाली भाज्याला जाते, दत्ताभाऊंच्या घरी. हे मला त्यांच्या मुलीच्या लग्नात कळलं, यंदा, कार्ल्याला. जेवणं झाल्यावर ती त्यांच्याजवळ बसली होती. मीही जाऊन बसलो. न बसून कसं चाललं असतं? ती त्यांच्या हाताकडं बघतेय हे दत्ताभाऊंना दिसलं.

"मॅडम, आता बास करा," ते म्हणाले. "तुमी काय मुद्दाम केलं व्हय? लय वर्सं मनाला लावून घेतलं."

ते पाहुण्यांकडं गेल्यावर ती माझ्याकडं वळली.

"सर, मला अजून आठवतं की मी निघताना ते बटण खाली आणलं होतं. बोटांना आठवतं. मग वाटतं, मीच मनाचं रचलंय. त्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्याआधी आला होता. तुम्ही पाहिलं होतं का हो, ते कुठं होतं?"

तिला मला दोषी ठरवायचं नव्हतं. तिला फक्त आपल्या डोक्यावर पुन्हा विश्वास ठेवायचा होता.

"नाही," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

तिनं मान हलवली, पर्स उचलली, आणि माझ्या पाया पडून गेली.