सांदीच्या तोंडाशी

माझं लग्न होऊन मी गोंदियाला आले तेव्हा त्या घरात सासूचं राज्य नव्हतं, आतेसासूचं होतं. आत्याबाई देहानं दणकट, गुडघ्यांनी दुखऱ्या आणि जिभेनं तिखट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पोळीकडे बघून विचारलं, "हे पोळी हाये का नकाशा?" मी म्हटलं, "नकाशाच आहे, वाट सापडली तर खा." सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. आत्याबाई मात्र पोट धरधरून हसल्या, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या होत्या. त्यांचे यजमान तेंदूपत्त्याच्या फडावर मुनशी होते. उन्हाळ्यात जंगलातली माणसं पानं तोडून, पुडे बांधून फडावर आणत. ती पानं पारखून घ्यायची, वाळवायची आणि गोंदियाच्या विडी कारखान्यांकडे धाडायची, हे मुनशीजींचं काम. वैशाखभर देवरीपलीकडच्या जंगलात झोपडीत राहायचं आणि काळंठिक्कर होऊन घरी परतायचं, असं त्यांचं आयुष्यभर चाललं. परतले की आंघोळ व्हायच्या आधी ते बायकोला एका जागेबद्दल सांगायला बसत.

ती जागा म्हणजे एक सांद. तिकडची माणसं तिला नुसतं सांदच म्हणतात. डोंगर वरपासून खालपर्यंत चिरलेला, आत ओढ्यानं घासून घासून गुळगुळीत केलेल्या भिंती, बाहेर उन्हानं डोकं फुटत असताना आत अंगावर काटा येईल असा गारवा. हे सगळं मुनशीजींच्या तोंडून आत्याबाईंनी ऐकलं होतं आणि आत्याबाईंच्या तोंडून मी. तांदूळ निवडताना, वाती वळताना, कधी नुसत्या पंखा हलवत बसल्या असताना त्या सांगत. शेवटी एकच वाक्य असे. "जिथं ते उभे राहत, तिथं मले एकडाव उभं राहाचं हाये. मंग माहे गुडघे जावोत कुठं जाचे ते."

घरात कुणी मनावर घेत नव्हतं. सासरे म्हणत, ताईला अंगणातल्या विहिरीपर्यंत जायचं तर दोनदा बसावं लागतं. मी मात्र हट्टाला पेटले. खरं सांगायचं तर मलाही त्या घरातून चार दिवस बाहेर पडायचं होतं, आणि आत्याबाईंची इच्छा ही माझ्या हाती आलेली चांगली सबब होती. माझा नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला. त्याला दोन बायकांनी दोन बाजूंनी धरल्यावर तो किती टिकणार? माघात धानाची मळणी आटपून रस्ते मोकळे झाले, तशी त्यानं रजा काढली.

देवरीपर्यंत मोटारीनं गेलो आणि पुढं बैलांच्या बंडीनं. आत्याबाईंनी बरोबर काय काय घेतलं होतं! चिवड्याचा डबा, बेसनाचे लाडू, लोणच्याची बरणी, आणि ज्या जागेच्या पाण्याचं गुणगान वर्षानुवर्षं केलं त्या जागेसाठी घरच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेली पितळी कळशी. बंडीवान म्हणाला, "बाई, हे पानी कायले?" त्या म्हणाल्या, "तुले पाजाले," आणि खरोखरच त्याला पाजलं.

वाट दाखवायला मुनशीजींच्या वेळचा एक माणूस मिळाला. डोंगराखालच्या पाड्यावर राहणारा गोंड शेतकरी, पन्नाशी उलटलेला, खांद्यावर कुऱ्हाड. उन्हाळ्यात तो फडावर पानं आणत असे आणि एरवी कुणी सांद बघायला आलं की त्याला आत नेत असे. त्याची बायकोही बरोबर निघाली. तिला डोंगरातून झाडूचं गवत आणायचं होतं. आत्याबाई कोण हे कळल्यावर त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मुनशीनबाई, लय उशीर केला तुमी."

वाट दाखवणारे मी पुढं आयुष्यात बरेच पाहिले. तीर्थाच्या गावचे, किल्ल्यांवरचे, बडबडे, घाईचे. त्या माणसासारखा दुसरा पाहिला नाही. निघण्याआधी त्यानं आमच्या सगळ्यांचे पाय पाहिले. माझ्या नवऱ्याचे बूट काढायला लावले, कारण ओल्या दगडावर बूट घसरतो. मग तो एका उंचवट्यावर चढून डोंगरामागचं आभाळ न्याहाळत राहिला. आमच्या बाजूला लख्ख ऊन होतं. तरीही डोंगराच्या पलीकडे पाऊस झाला तर सांदीत लोंढा येतो आणि वर चढायला जागा नसते, हे त्यानं शांतपणे सांगितलं. पाहून खाली आला तेव्हा म्हणाला, "साफ हाये. चला." त्या "चला"वर मी डोळे मिटून विश्वास टाकला असता.

आत्याबाईंची चाल धरून आम्ही निघालो. त्या दहा पावलं चालत, थांबत, दगडावर टेकत, आणि तो प्रत्येक वेळी काहीतरी दाखवायचं निमित्त काढून थांबे. इथं अस्वलानं वारूळ उकरलं, ही चारोळी, या झाडाचा डिंक खोकल्यावर चालतो. त्या दमल्यात हे त्यानं एकदाही त्यांना जाणवू दिलं नाही. माझा नवरा तेवढ्यात घड्याळ बघायचा. मी त्याला डोळे वटारले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही सांदीत शिरलो. सुरुवातीला बंडी जाईल एवढी रुंद वाट होती, पायाखाली वाळू आणि पाण्याची बारीक धार. दोन्हीकडच्या भिंतींवर ओढ्यानं आडव्या लाटा कोरल्या होत्या. हात फिरवला तर परातीसारखा गुळगुळीत दगड. थोडं पुढं गेल्यावर आवाज बदलले. माझ्या बांगड्या वाजल्या की दुसरीच कुणीतरी बाई पुढं चालली आहे असं वाटे. वर पाहिलं तर आभाळाची निळी पट्टी, आणि तिच्या कडेला लोंबणारी मुळं. मुनशीजी दरवर्षी घरी येऊन आधी हेच का सांगत, ते मला तेव्हा कळलं.

तिथं थांबून त्यानं सांदीत चालायची रीत सांगितली. पुढं वाट इतकी आवळते की प्रत्येकाला फक्त पुढच्याची पाठ दिसते. म्हणून तिथं मुक्यानं चालायचं नाही. सगळ्यात पुढचा जे पाहील ते मोठ्यानं मागच्याला सांगणार, तो त्याच्या मागच्याला, असं शेवटच्यापर्यंत. शेवटच्यानं ऐकलं की "आलं" म्हणायचं आणि ते "आलं" तसंच तोंडातोंडी पुढं जायचं. ते पोचल्याशिवाय पुढच्यानं पाऊल उचलायचं नाही. "मंग कोनी सुटत नाही," तो म्हणाला.

आत्याबाईंना ही रीत फार आवडली. "हे नाही सांगितलं त्यायनं कधी," त्या म्हणाल्या.

आणि वळणावर ती अरुंद जागा आली. दोन्ही भिंती पोटं पुढं काढून एकमेकींकडे सरकलेल्या, मध्ये अंग तिरपं करून जाण्यापुरती फट. वाटाड्याची बायको पाण्यासारखी आत गेली आणि परत आली. आत्याबाईंनी पदर खोचला, उजवा खांदा आत घातला, श्वास सोडला. खांदा गेला, पुढचं अंग जाईना. त्या बाहेर आल्या, डाव्या अंगानं गेल्या. कोपर खरचटलं. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला बघवत नव्हतं. एवढ्या लांब येऊन, त्या गुडघ्यांनी, दोन हातांच्या फटीसाठी अडायचं!

"बाई, जोर नका लावू," तो म्हणाला. "गोटा आयकत नाही कोनाचं."

"काऊन नको लावू?" आत्याबाई भडकल्या. "ते जात होते ना? माह्यापेक्षा का बारीक होते ते?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. मग कुऱ्हाड खाली ठेवली.

"मुनशीजी बी कधी गेले नाही, बाई. दरसाली येत, दरसाली आंग लावून पाहत. मंग या गोट्यावर बसत. आमी पानंवाले आत जात होतो, न् एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी त्यायले समदं पोचवत होतो. ते इथून 'आलं' म्हनत."

माझा नवरा दुसरीकडे बघायला लागला. आत्याबाईंचा चेहरा लाल झाला.

"बुढा खोटा बोलला माह्यासंग," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं! मी बी येडीवानी आयकत बसली."

"खोटं नाही, बाई. जे आयकलं तेच सांगितलं असन."

त्या बराच वेळ त्या फटीकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील चला परत. मीच सुचवणार होते. तेवढ्यात त्यांनी त्याला विचारलं, "कोन्या आंगानं बसत?"

भिंतीला टेकून एक पसरट दगड होता. त्यानं पाठ कुठं टेकत ते दाखवलं. आत्याबाई तिथं बसल्या, पाठ टेकली, पाय लांब केले आणि पदरानं तोंड पुसलं. जिथं ते असत तिथं त्या पोचल्या होत्या, हे आम्हा सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळलं होतं. "जा आता," त्या म्हणाल्या. "न् मले पोचवत राहा."

आवाज तुटू नये म्हणून त्यानं आम्हाला वळणावळणावर उभं केलं. मी फटीच्या लगेच आत, पुढच्या वळणावर माझा नवरा, त्याच्या पुढं वाटाड्याची बायको, आणि वाटाड्या एकटा शेवटाकडे निघाला. तो बायकोला गोंडीत सांगे. ती माझ्या नवऱ्याला तिकडच्या झाडीबोलीत. माझा नवरा मालधक्क्याच्या सवयीनं हिंदीत ओरडे, "घुटने तक पानी, ठंडा है!" आणि मी तेच मराठीत करून मागं देई. बाहेरून खणखणीत "आलं" येई. ते पुढं सरकत सरकत डोंगराच्या पोटात जाताना ऐकू येई आणि मग तो पाऊल उचले. चार भाषांतून एवढी सरळ गेलेली गोष्ट मी पुन्हा ऐकली नाही.

तीनचार निरोपांनंतर काहीतरी वेगळं होऊ लागलं. मी तोंड उघडायच्या आधीच आत्याबाई बाहेरून सांगू लागल्या. "आता पाटावानी सपाट गोटा येईन." सपाट दगड आला. "आता उजव्या आंगानं थेंब पडत असन." खरंच थेंब पडत होते. "मधमाश्यायचं पोळं हाये का, का उठून गेल्या?" पोळं होतं. त्यांचं बोलणं पुढं पोचलं तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला, आणि मागोमाग त्याचा निरोप, "मुनशीनबाई पुढं चालून राहिल्या, मी मागं." मला त्यांचा फार अभिमान वाटला. पाऊल न टाकता ती बाई सगळी सांद चालत होती, एक वळण न चुकता.

"आता उजेड," त्या म्हणाल्या. "सांद सरली. वर मोकळं आभाळ, न् खाली कुंड."

आतून आलं: मोकळं आभाळ, खाली कुंड.

"न् कुंडाच्या काठावर चाफा. विचार त्याले, केवढा झाला आता."

चाफ्याचं त्या माझ्याजवळ कधीच बोलल्या नव्हत्या. मी पुढं विचारलं. माझ्या नवऱ्यानं विचारलं. या वेळी उत्तर यायला वेळ लागला. मग एकेका वळणावरून ते माझ्यापर्यंत आलं आणि मी जिभेवर धरून ठेवलं. पण सांदीच्या रीतीत मध्येच काही गाळायची सोय नव्हती.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तो म्हणतो, तिथं चाफा नाही. नुसता खडक आहे. कधीच नव्हता म्हणतो."

"आलं" आलं नाही. आतून माझा नवरा हाका मारू लागला. मी फटीतून अंग काढून बाहेर आले. आत्याबाई तशाच भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसत नव्हत्या. मी घाबरून त्यांचा हात धरला, तर त्यांनीच माझा हात दाबला.

"माह्या माहेरी, केशोरीले, आंगनात चाफा होता," त्या म्हणाल्या. "लगन होऊन आली तवा मी त्याच्यासाठी रडत होती. लोक हसत. त्यायनं काही म्हटलं नाही." मग त्यांनी पदरानं डोळे पुसले. "बाकीचं समदं लोकायचं आयकून सांगितलं, पोरी. चाफा तेवढा त्यायनं माह्यासाठी लावला."