सामंतकाकांचा गाणारा खोका

सामंतकाका बाहेर निघाले की दाराला कुलूप लावायचे, ओढून बघायचे, जिना उतरून गेटपर्यंत जायचे आणि तिथून परत वर येऊन माझी बेल वाजवायचे. "मंजू, तू जरा ओढून बघ गं. माझ्या हातावर माझा भरवसा नाही." मग मी कणकेच्या हाताने त्यांचं कुलूप ओढायची, "घट्ट आहे, जा आता" म्हणायची, तेव्हा कुठे ते जायचे. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर होती. हा माणूस एवढा घाबरून जगतो तरी कसा, असं माझी आई म्हणायची.

त्याला कारण होतं. काकांनी सगळी नोकरी एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात काढली होती. माणूस कशाकशाने मरू शकतो हे त्यांना पाठ होतं. "घडतं गं, माझ्याकडे फाईल आली होती," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. गीझरची फाईल, ओल्या फरशीची फाईल, वरातीतल्या फटाक्याची फाईल. मी एकदा चेष्टेने विचारलं, की काका, वरणभाताने कुणी मेलाय का हो? काका खरंच आठवायला लागले. मग मीच घाईघाईने विषय बदलला.

सुधाकाकू अगदी उलट, बिनधास्त बाई. पण नशीब बघा, घरात पडल्या त्याच. टेबलफॅनच्या वायरमध्ये पाय अडकला, खुबा मोडला आणि त्यानंतर त्या आतल्या खोलीतून फारशा बाहेर आल्याच नाहीत. काकांनी त्याच आठवड्यात घरातली जमिनीवरून जाणारी एकूण एक वायर काढून टाकली. वायर हा शब्द जरी काढला तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

काकूंना नाट्यसंगीताचं वेड. दिवसभर छताकडे बघत पडून राहायचं, तर कानाला काहीतरी हवं. काकांना इंटरनेटवर एक रेडिओ सापडला. परदेशातला कुणी मराठी माणूस हौसेने दिवसरात्र जुनी नाट्यपदं लावायचा. पण कॉम्प्युटर हॉलमध्ये, काकू आत. पोरवयात काकांनी रेडिओ जोडायचा कोर्स केला होता. ते भंगारवाल्याकडून एका जुन्या कॉम्प्युटरचं पोटातलं सामान घेऊन आले, घरातल्या बंद पडलेल्या लाकडी रेडिओच्या खोक्यात ते बसवलं, स्पीकर जोडला आणि बिनतारी नेट पकडणारा एक बारका तुकडा मागे खोचला. हॉलमधला राउटर हवेतून नेट सोडणार, खोका ते पकडून गाणार, असा सगळा बेत.

खोका काही गायला नाही. दिवे लागायचे, पंखा घुरघुरायचा, पण नेट म्हणून मिळायचं नाही. मी मालाडला कॉम्प्युटरच्या ऑफिसात कामाला, म्हणजे जाणकार. त्यामुळे रोज संध्याकाळी चहा पिऊन आम्ही दोघं त्याच्या मागे लागायचो. लोखंडी कपाट मधे येतंय असं वाटून कपाट सरकवलं. राउटर माळ्यावर चढवला. पासवर्ड एकेक अक्षर वाचून घातला. खोक्याला राउटर सापडायचा, पण दारातूनच परत फिरावं तसं व्हायचं. सरळ वायर टाकू या, असं माझ्या तोंडून गेलं आणि मी लगेच जीभ चावली.

एका संध्याकाळी काकांनी राउटरचा पासवर्डच काढून टाकला, फक्त दोष कुठे आहे ते बघायला. आणि आतून गाणं आलं. काकूंनी आतून "अगं बाई" म्हटलं आणि लगेच तान ओळखली. त्या जुन्या तुकड्याला नव्या पद्धतीचं कुलूप समजतच नव्हतं, एवढीच भानगड. मी म्हटलं, काका, नवा तुकडा आणू आणि पासवर्ड परत लावू. काका म्हणाले, "नको. नवा आणला आणि हेही बंद पडलं तर? चालतंय ना, मग हात लावायचा नाही." घराचं कुलूप माझ्याकडून ओढवून घेणाऱ्या माणसाने नेट मात्र सताड उघडं ठेवलं, तेही भीतीपोटीच. मला हसू आलं होतं तेव्हा.

ते दिवस हसण्याचे नव्हते. शहरात स्फोट होऊन गेले होते. बेवारस पिशवी दिसली तरी रस्ता रिकामा व्हायचा. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर भाडेकरूंबद्दल दर आठवड्याला नवी सूचना लागायची. तिसऱ्या मजल्यावर आसिफ आणि त्याची अम्मी भाड्याने राहायचे. तो कॉल सेंटरला रात्रपाळी करायचा, जिन्यात भेटला की बाजूला सरकून वाट द्यायचा. ईदला अम्मी शीरखुर्मा पाठवायच्या. पण त्या वर्षी लोक त्यांच्याशी जरा जपूनच बोलायला लागले होते.

एका रविवारी सकाळी साध्या कपड्यातले दोन पोलीस आले. कुणीतरी धमकीची ईमेल पाठवली होती आणि माग काढत ते आमच्या बिल्डिंगपर्यंत पोचले होते. कोणाच्या घरातून, ते कळत नव्हतं, कारण केबलवाल्याने एकच लाइन आठ घरांत वाटून दिली होती. आम्हाला सगळ्यांना खाली बोलावलं. सेक्रेटरी पाटकरांनी नेट घेतलेल्या घरांची नावं सांगितली आणि न विचारता पुढे म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा आहे. त्याच्याकडे कनेक्शन नाही, पण लॅपटॉपवर सारखं नेट चालू असतं." पोलिसांनी आसिफला विचारलं. तो झोपेतून उठून आलेला. खरं ते बोलला, की खुला नेटवर्क मिलता है, सर, किसका है पता नहीं. कुणाचं खुलं आहे, असं पोलिसांनी सगळ्यांकडे बघून विचारलं. काका माझ्या शेजारीच उभे होते. ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही. आसिफला आणि त्याच्या लॅपटॉपला घेऊन पोलीस चौकीवर गेले. अम्मी गेटशी उभ्या राहून जीप दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या.

वर आल्यावर काका थेट राउटरपाशी गेले. प्लग काढायला हात पुढे केला. मी काही बोलायच्या आत त्यांनीच हात मागे घेतला आणि खुर्चीत बसले. बसले ते बसलेच. जेवणाची वेळ टळून गेली. मी समोरून दोनदा डोकावले, तर तसेच. आत गाणं चालू होतं. मग काकूंचा आवाज आला, "अहो, ते गाणं बंद करा आधी. काय झालंय ते सांगा." काकांनी सांगितलं. आत धरून ठेवलं तर तुला कोण बघणार, पेन्शन थांबली तर, पेपरात नाव आलं तर, अशी एकेक फाईल उघडत गेले. काकू शांतपणे म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? पाणी उशाशी ठेवा आणि जा."

मी राउटर बंद करू का विचारलं. काका म्हणाले, "बंद केलास तर त्या मुलाचं म्हणणं खरं आहे हे दाखवायचं कशाने?"

मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले. चौकीच्या पायरीवर ते थांबले. मला वाटलं, परत फिरतात. क्षणभर तर मलाही वाटलं, फिरावं. पण ते आत गेले आणि टेबलामागच्या साहेबांना म्हणाले, "उघडं नेट माझं आहे. मीच पासवर्ड काढलाय, गाणं लागावं म्हणून. तो मुलगा खरं बोलतोय." आवाज इतका बारीक, की साहेबांनी पुन्हा बोलायला लावलं. पुन्हा बोलले.

मग प्रश्नांची सरबत्ती. गाणं लागावं म्हणून पासवर्ड काढला, यावर कुणाचा विश्वास बसेना. शेवटी एक अधिकारी आमच्याबरोबर आला. बिल्डिंगच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून त्याने लॅपटॉप उघडला, तर काकांचं नेट तिथेही मिळालं. म्हणजे रस्त्याने जाणारा कोणीही ते वापरू शकत होता. वर येऊन त्याने खोका उघडून पाहिला, काकूंना नमस्कार केला आणि काकांना अर्धा तास झापलं. काका मान खाली घालून ऐकत होते. अंधार पडायच्या आत आसिफ घरी आला. ती मेल कुणी पाठवली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे बरेच महिने काकांना जबाबासाठी बोलावणं यायचं. बेल वाजली की ते पांढरेफटक पडायचे. मी नवा तुकडा आणून दिला, पासवर्ड लावला, खोका गात राहिला. पण आसिफच्या घरमालकाने भाड्याचा करार काही वाढवून दिला नाही. पाटकरांनी फोन केला होता म्हणे. महिनाअखेरीला टेम्पो आला. सामान चढत असताना बिल्डिंगमधलं कुणी खाली उतरलं नाही. काका उतरले, मागोमाग मी. ते आसिफसमोर हात जोडून उभे राहिले. त्याने पटकन त्यांचे हात धरून खाली केले आणि म्हणाला, "अंकल, आप तो आये ना." अम्मींनी काकूंना सलाम सांगितला आणि टेम्पो काशीमीऱ्याच्या दिशेने गेला.

काकांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की लोक त्या भित्रेपणावर हसतात, आणि मग मी चौकीची गोष्ट सांगते. पण त्या दिवशी टेम्पो गेल्यावर जिना चढताना मी त्यांना म्हटलं होतं, की काका, तुम्ही गेलात म्हणून तो सुटला. एवढं कोण करतं?

काका कठड्याला धरून थांबले. म्हणाले, "मंजू, त्याला सकाळी नेलं. मी दुपारी गेलो. मधला सगळा वेळ तो तिथे बसून होता, आणि मला ठाऊक होतं."

मलाही ठाऊक होतं. आम्ही दोघं वर आलो.